जुन्या पिकअपच्या पुढच्या ॲक्सलची गळती : सील छोटे, जोखीम मोठी

चारचाकी जोर असलेली जुनी जीप किंवा पिकअप बाळगणाऱ्यांना एक दृश्य चांगलेच परिचयाचे असते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या पुढच्या चाकाखाली सकाळी काळपट तेलाचा डाग दिसतो, चाकाच्या आतल्या बाजूस धूळ आणि ग्रीसचा चिखल साचलेला असतो. 'जुनी गाडी आहे, थोडे तेल गळायचेच,' असे म्हणून बहुतेक वेळा त्याकडे काणाडोळा केला जातो. पुढच्या ॲक्सलच्या ऑइल सीलमधून होणारी ही गळती प्रत्यक्षात दोन कारणांनी गंभीर असते. गळणारे तेल पुढच्या ब्रेकपर्यंत पोहोचू शकते आणि ज्या डिफरन्शियलमधून ते बाहेर पडते, त्यातील दातेचक्रे हळूहळू कोरडी पडू लागतात.

ही दुरुस्ती अवघड म्हणून फसत नाही, तर अपुऱ्या निदानामुळे फसते. तेल जिथे दिसते तिथले सील बदलले जाते आणि जिथून ते निघते ते सील मात्र तसेच राहते. काही महिन्यांत डाग पुन्हा उमटतो आणि गाडीमालकाचा दुसरा खर्च सुरू होतो. त्यामुळे या ॲक्सलची रचना, गळतीची कारणे आणि दुरुस्तीचा योग्य क्रम यांची किमान ओळख गाडीमालकाला असणे हिताचे ठरते.

विलीजचा वारसा

दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून मोठ्या संख्येने तयार झालेल्या विलीज जीपचा पुढचा ॲक्सल हा या प्रकारच्या रचनेचा सर्वांत परिचित नमुना होय. युद्धानंतर विलीजने नागरी जीप आणि पिकअप ट्रक बाजारात आणले. महाराष्ट्राशी या घराण्याचा संबंध जवळचा आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९४८ मध्ये 'महिंद्र अँड महिंद्र' हे नाव धारण केलेल्या उद्योगाने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे अनेक दशके याच घडणीवर आधारलेल्या जीप व मालवाहू गाड्या भारतीय रस्त्यांवर धावत राहिल्या. त्यांतील अनेक आजही शेतांवर, घाटवाटांवर आणि हौशी मालकांच्या अंगणात आहेत.

टोयोटाने १९७९ मध्ये आणलेल्या चारचाकी जोराच्या हायलक्स पिकअपमध्येही पुढचा ॲक्सल याच तत्त्वावर बेतलेला होता. तपशील वेगळे असले, तरी गळतीचे स्वरूप आणि उपाय यांत मोठे साम्य आहे. म्हणून येथे विलीज पद्धतीचा बंद नकलचा ॲक्सल मुख्य उदाहरण म्हणून घेतला आहे.

रचना कशी असते?

पुढचा ॲक्सल एकाच वेळी दोन कामे करतो. चाकांना इंजिनाचा जोर पोहोचवणे हे पहिले आणि चाके डावी-उजवीकडे वळू देणे हे दुसरे. मधोमध डिफरन्शियल असते. त्याच्या दोन्ही बाजूंना पोलादी नळ्या निघतात आणि त्यांतून ॲक्सल शाफ्ट चाकांकडे जातात. चाकाजवळ प्रत्येक शाफ्टवर एक लवचिक सांधा असतो. काही गाड्यांत तो गॅरेजच्या भाषेतील 'क्रॉस', म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट असतो, तर काहींत पोलादी गोळ्यांवर फिरणारा समगती सांधा असतो. हायलक्समधील अशा सांध्याला मिस्त्री 'बर्फिल्ड' म्हणतात.

हा सांधा नळीच्या टोकाला असलेल्या एका पोकळ, गुळगुळीत गोलकात बसवलेला असतो. गोलकावर बाहेरून नकल बसते. ती वरच्या आणि खालच्या किंगपिन बेअरिंगवर फिरते. सांधा पूर्णपणे झाकलेला असल्यामुळे या रचनेला बंद नकल म्हणतात. नकलच्या बाहेरच्या बाजूला पोकळ स्पिंडल असते. त्याच्यावर बेअरिंगच्या आधाराने चाकाचा हब फिरतो आणि त्याच्या पोटातून शाफ्टचे टोक बाहेर येऊन हबला जोर देते.

या साऱ्या व्यवस्थेत प्रत्येक बाजूला तीन सील महत्त्वाची असतात.

पहिले, आतले सील. ते ॲक्सलच्या नळीच्या बाहेरच्या टोकाशी, गोलकाच्या आत असते. डिफरन्शियलमधील गिअर ऑइल नळीतून गोलकात येऊ न देणे हे त्याचे काम. बाहेरून ते अजिबात दिसत नाही.

दुसरे, नकलचे बाहेरचे सील. फेल्ट, रबर आणि पत्र्याच्या कड्यांचा हा संच गोलकाला घासून बसलेला असतो. आतले ग्रीस बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरची धूळ, पाणी आत येऊ न देणे ही त्याची जबाबदारी. पातळ तेल रोखून धरण्यासाठी मात्र हे सील बनवलेले नसते.

तिसरे, हबचे सील. ते हबच्या आतल्या तोंडाशी असते आणि चाकाच्या बेअरिंगमधील ग्रीस ब्रेकच्या ड्रमपासून किंवा डिस्कपासून दूर ठेवते.

सील नेमके काय करते?

फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारे आजचे ऑइल सील हे बाहेरून धातूचे कडे, आतून रबराचा बारीक ओठ आणि त्या ओठाला शाफ्टवर हलका दाब देणारी गोल स्प्रिंग असे असते. जुन्या यंत्रांत हे काम चामडे आणि फेल्ट करीत. १९३० च्या सुमारास जर्मनीतील फ्रॉयडेनबर्ग कंपनीत वॉल्टर झिमर यांनी स्प्रिंगने आवळलेल्या चामडी सीलला व्यवहार्य रूप दिले. पुढे चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली.

ओठ शाफ्टवर अगदी अरुंद पट्टीत टेकलेला असतो आणि तेथे तेलाचा अतिशय पातळ थर कायम राहतो. हाच थर ओठाला जळू देत नाही. याचा अर्थ असा, की सील टिकण्यासाठी तीन गोष्टी हव्यात. शाफ्ट गुळगुळीत असावा, तो सीलच्या मध्यभागीच फिरावा आणि सीलच्या आतल्या बाजूला दाब वाढू नये. यांपैकी एक जरी बिघडली, तर नवे कोरे सीलही गळू लागते.

गळती का होते?

सर्वांत साधे कारण वय. वापरात असलेले नायट्राइल रबर उष्णतेने आणि काळाने कडक होते. ओठाची लवचिकता गेली, की तो शाफ्टच्या बारीकशा हालचालीबरोबर सरकू शकत नाही. फार काळ उभ्या राहिलेल्या गाडीत ओठ कोरडा पडतो. ज्या गाड्यांत पुढचे हब हाताने सोडवण्याची सोय आहे, त्यांत दोनचाकी जोरावर धावताना पुढचे शाफ्ट फिरतच नाहीत. त्यामुळे गाडी रोज वापरात असूनही सील कोरडे पडू शकते.

दुसरे कारण शाफ्टवरील झीज. ओठ आणि त्याच्याशी अडकलेली बारीक धूळ वर्षानुवर्षे एकाच जागी घासत राहिल्याने शाफ्टवर नखाला जाणवेल अशी खाच पडते. नवे सील त्याच खाचेवर बसवले, तर त्याचा ओठ नीट टेकत नाही.

तिसरे कारण ढिले बेअरिंग किंवा झिजलेले बुश. शाफ्ट मध्यभागी न फिरता वरखाली डोलू लागला, की ओठ एका बाजूला दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूला फट पडते.

चौथे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे तुंबलेला ब्रीदर. ॲक्सलच्या कवचावर हवा आत-बाहेर जाण्यासाठी एक छोटी वाट असते. गाडी चालू लागली, की आतील तेल व हवा तापते आणि हवा प्रसरण पावते. ब्रीदर चिखलाने किंवा रंगाने बुजला असेल, तर वाढलेल्या दाबाला वाट उरते ती सीलच्या ओठाखालून. याउलट, तापलेला ॲक्सल ओढ्याच्या किंवा साचलेल्या पाण्यात शिरला, की तो एकदम थंड होतो, आतील हवा आकुंचन पावते आणि पाणी आत ओढले जाते. कोकणातील आणि घाटमाथ्यावरील पावसाळ्यात वापरल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. डिफरन्शियलमधील तेल दुधी, फेसाळ दिसू लागले, तर पाणी शिरल्याची ती स्पष्ट खूण होय.

प्रमाणापेक्षा जास्त भरलेले तेल आणि चुकीच्या पद्धतीने बसवलेले सील ही उरलेली कारणे. बाहेरचे सील बदलूनही गळती कायम राहिल्याच्या तक्रारींत यांपैकी एखादे कारण अनेकदा सापडते.

डाग कशाचा, हे आधी ओळखावे

पुढच्या चाकाजवळ तीन वेगवेगळे द्रव गळू शकतात आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. गिअर ऑइल घट्ट, चिकट असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. ग्रीस वाहत नाही, ते गोळ्यागोळ्यांनी चिकटून राहते. ब्रेक ऑइल पातळ असते, पाण्याने धुतले जाते आणि रंगावर पडल्यास रंग उखडते. ब्रेक ऑइलची गळती आढळल्यास गाडी चालवू नये. तो प्रश्न सीलचा नसून थेट ब्रेकचा असतो.

डाग गिअर ऑइलचा किंवा तेल-ग्रीसच्या पातळ मिश्रणाचा असेल, तर पुढची पायरी डिफरन्शियलमधील पातळी तपासण्याची. गाडी सपाट जागी उभी करून भरण्याचा बूच उघडावा. तेल साधारणपणे छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत असावे. पातळी खाली गेली असेल आणि नकलमधून काळी, पातळ 'आमटी' झिरपत असेल, तर दोष आतल्या सीलचा आहे, असे समजण्यास हरकत नाही. गिअर ऑइल नळीतून गोलकात उतरते, तेथील ग्रीसला विरघळवते आणि हे मिश्रण बाहेरच्या सीलला आवरत नाही. दिसते ते बाहेरचे सील गळताना, पण निकामी झालेले असते आतले.

डिफरन्शियलची पातळी कायम असेल आणि गोलकावर केवळ ग्रीसचा पातळ थर दिसत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. हा थर गोलकाला गंजण्यापासून वाचवतो. मात्र गोलकावर गंजाचे खड्डे पडले असतील, तर ते बाहेरच्या सीलला करवतीसारखे कापत राहतात.

चाकाच्या आतल्या बाजूने, ब्रेकच्या पाठीमागच्या पत्र्यावरून तेल ओघळत असेल, तर ते हबच्या सीलमधून आले आहे. गोलकात साचलेले पातळ मिश्रण स्पिंडलच्या पोकळीतून हबमध्ये शिरते आणि तेथून ब्रेकच्या लायनरवर पोहोचते. ही अवस्था सर्वांत धोकादायक असते. एका चाकाचा ब्रेक तेलकट झाला, की ब्रेक दाबताच गाडी दुसऱ्या बाजूला ओढली जाते. ओल्या रस्त्यावर किंवा घाटाच्या उतारावर याचा परिणाम जिवावर बेतू शकतो.

खोलण्यापूर्वीची तयारी

सपाट, टणक जागा, मागच्या चाकांना अडण्या आणि ॲक्सलखाली दोन मजबूत स्टँड ही पहिली अट. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. हबच्या नटाला योग्य मापाचा बॉक्स पाना लागतो. हायलक्समध्ये तो ५४ मिलिमीटरचा असतो. छिन्नी-हातोडीने हा नट फिरवण्याची सवय अनेक गॅरेजांत दिसते, तिच्यामुळे नटाच्या कडा आणि स्पिंडलचे आटे खराब होतात. याशिवाय सील ओढण्याचा हुक, सर्कलिप काढण्याचा पक्कड, टॉर्क पाना, स्प्रिंग काटा, स्वच्छ कापड आणि धुण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल हवे. पेट्रोलने भाग धुणे आगीच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. अशा गाडीत नट सैल होत नाही म्हणून जोर लावण्यापूर्वी आट्यांची दिशा पाहून घ्यावी, अन्यथा बोल्ट तुटतो.

जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्यामुळे ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ती ओल्या कापडाने पुसून काढावी आणि तोंडावर योग्य मास्क ठेवावा.

दुरुस्तीचा क्रम

सर्वप्रथम डिफरन्शियलमधील तेल काढावे. त्याचा रंग आणि त्यातील धातूचे कण पाहून घ्यावेत. बारीक राखाडी थर स्वाभाविक असतो. मात्र हाताला लागणारे तुकडे निघाले, तर प्रश्न सीलपुरता राहिलेला नसतो.

चाक काढल्यावर हबच्या तोंडावरील ड्राइव्ह फ्लँज किंवा लॉकिंग हब सोडवावा. हायलक्समध्ये येथील नटांखाली चिरलेले शंकूच्या आकाराचे वॉशर असतात. फ्लँजवर पितळी हातोडीने बेताने ठोकल्यावर ते उडून बाहेर येतात. त्यानंतर लॉक वॉशरची दुमडलेली कड सरळ करून बाहेरचा नट, वॉशर आणि आतला नट काढावा. आता हब बेअरिंगसह बाहेर येतो. डिस्क ब्रेकच्या गाडीत त्याआधी कॅलिपर सोडवून तारेने बांधून ठेवावा, तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये.

यानंतर ब्रेकची पाठप्लेट आणि स्पिंडल यांचे बोल्ट काढले, की स्पिंडल सुटते. सांध्यासह संपूर्ण शाफ्ट हळुवारपणे बाहेर ओढता येतो. शाफ्टचे वजन नळीच्या तोंडावर पडू न देता तो सरळ रेषेत काढावा. आता गोलकाच्या तळाशी आतले सील दिसू लागते. हुकाने ते ओढून काढावे. ते बसते त्या खोबणीवर ओरखडा उमटू नये, याची दक्षता घ्यावी.

जुने सील फेकून देण्यापूर्वी नीट पाहावे, कारण गळतीचे कारण तेच सांगते. ओठ सगळीकडे सारखा कडक झाला असेल, तर वय झाले. एकाच बाजूने झिजला असेल, तर शाफ्ट डोलतो आहे. ओठ फाटला किंवा दुमडला असेल, तर मागच्या वेळी शाफ्ट घालताना इजा झाली आहे. ओठ उत्तम स्थितीत असेल, तर ब्रीदर आणि तेलाची पातळी यांकडे संशयाने पाहावे.

शाफ्टवर सील टेकते तो पट्टा स्वच्छ करून नखाने तपासावा. हलके डाग बारीक पॉलिश पेपरने, शाफ्टच्या गोलाईच्या दिशेने घासून काढता येतात. खाच खोल असेल, तर सुमारे पाव मिलिमीटर जाडीची पोलादी बाही त्या जागी चढवता येते किंवा शाफ्ट बदलावा लागतो. काही मिस्त्री नवे सील किंचित पुढे-मागे बसवून ओठाला न झिजलेली जागा देतात. खोबणीची खोली परवानगी देत असेल, तरच हा उपाय करावा.

नवे सील बसवताना

सीलवर सामान्यतः तीन आकडे छापलेले असतात. उदाहरणार्थ ३५-५२-७ याचा अर्थ शाफ्टचा व्यास ३५, बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी ७ मिलिमीटर. जुन्या अमेरिकी घडणीच्या गाड्यांत मापे इंचांत असतात. 'जवळपास बसेल' असे सील कधीही घेऊ नये. जुने सील दुकानात नेऊन माप जुळवून पाहणे उत्तम.

सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे, म्हणजे आतल्या सीलच्या बाबतीत डिफरन्शियलकडे यावी. उलटे बसलेले सील पहिल्याच दिवशी गळते. स्प्रिंगच्या खोबणीत थोडे ग्रीस भरावे म्हणजे ठोकताना स्प्रिंग निसटत नाही. ओठाला गिअर ऑइल लावावे. कोरड्या ओठावर शाफ्ट फिरला, तर काही क्षणांतच त्याची कड जळते. सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढ्या सपाट तोंडाच्या नळीने ते सर्व बाजूंनी सारखे दाबत बसवावे. हातोडीचा घाव थेट सीलवर घातल्यास कडे वाकडे होते आणि ते तिरके बसते.

आता नकल आणि गोलक यांतील सारे जुने मिश्रण पुसून, धुऊन, वाळवावे. ही पायरी वेळखाऊ असल्यामुळे बऱ्याचदा टाळली जाते. जुन्या पातळ मिश्रणावर नवे ग्रीस भरले, तर तेही पातळ होते आणि दुरुस्ती यशस्वी होऊनही महिनाभर गळती सुरूच असल्याचा भास होतो.

सांधा उघडाच असताना त्याचीही तपासणी व्हावी. क्रॉसच्या सुयांवर ठसे उमटले असतील किंवा समगती सांध्याच्या गोळ्यांच्या वाटा खरवडल्या असतील, तर ते भाग आताच बदलणे स्वस्त पडते. हायलक्सच्या सांध्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइडयुक्त ग्रीस दाबून भरतात. विलीज घराण्यातील गाड्यांत गोलकात काय भरायचे हे सांध्याच्या प्रकारावर आणि उत्पादन काळावर अवलंबून असते. म्हणून त्या गाडीच्या पुस्तिकेतील सूचना प्रमाण मानावी.

शाफ्ट परत घालताना त्याचे वजन दोन्ही हातांनी तोलून धरावे. त्याच्या दातेरी टोकाने नव्या सीलचा ओठ कापला जाण्याची शक्यता याच क्षणी सर्वांत जास्त असते. टोक डिफरन्शियलच्या दात्यांत बसेपर्यंत घाई करू नये.

किंगपिन आणि चाकाचे बेअरिंग

बाहेरच्या सीलचा संचही बदलायचा असेल, तर विलीज पद्धतीच्या ॲक्सलमध्ये तो दोन भागांत मिळत असल्याने संपूर्ण नकल न काढता बसवता येतो. हायलक्समध्ये मात्र अखंड कड्यांसाठी नकल उतरवावी लागते. नकल उतरवताना किंगपिनच्या वरच्या आणि खालच्या शिम वेगळ्या ठेवून त्यांवर खूण करावी. त्यांची सरमिसळ झाली, तर नकल गोलकाच्या मध्यभागी राहत नाही आणि नवे सील एका बाजूने घासले जाते.

किंगपिन बेअरिंगवर ठरावीक ताण असावा लागतो. बाहेरचे सील बसवण्यापूर्वी नकलच्या हाताला स्प्रिंग काटा लावून ती फिरवण्यास लागणारे ओढबळ मोजले जाते आणि शिम कमी-जास्त करून ते पुस्तिकेतील आकड्याशी जुळवले जाते. हे बेअरिंग ढिले राहिले, तर स्टिअरिंग थरथरते आणि सीलही लवकर जाते.

हब बसवण्यापूर्वी चाकाची बेअरिंग धुऊन, तपासून, तळव्यावर ग्रीस घेऊन रोलरच्या मधून ते बाहेर येईपर्यंत भरावीत. हबचे सील प्रत्येक वेळी नवे घालावे. आतला नट चाक फिरवत आवळून बेअरिंग बसू द्यावे आणि मग सैल करावा. विलीजच्या पद्धतीत चाक जड होईपर्यंत आवळून नट सुमारे एक षष्ठांश फेरा मागे घेतात. चाक मोकळे फिरावे, पण हाताने हलवून त्यात खेळ जाणवू नये. यानंतर वॉशर, बाहेरचा नट आणि वॉशरची कड दुमडणे या गोष्टी विसरू नयेत. चाक निखळण्यापासून वाचवणारी हीच कडी असते.

तेलकट झालेले ब्रेक लायनर किंवा पॅड धुऊन, तापवून पुन्हा वापरण्याची प्रथा चुकीची आहे. मुरलेले तेल उष्णतेने पुन्हा वर येते. हे भाग नेहमी दोन्ही चाकांचे एकत्र बदलावेत, म्हणजे ब्रेक दोन्हीकडे सारखा लागतो.

शेवटी ब्रीदर काढून साफ करावा आणि त्यातून हवा मोकळी जाते हे फुंकून पाहावे. पाण्यातून जाणाऱ्या गाड्यांत ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचे तोंड इंजिनच्या खोलीत उंचावर आणतात. खर्च किरकोळ आणि उपयोग मोठा, असा हा बदल आहे. त्यानंतर पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे गिअर ऑइल भरण्याच्या छिद्राच्या कडेपर्यंत घालावे, त्याहून अधिक नाही.

सर्वच पिकअप अशा नसतात

अमेरिकी बनावटीच्या अनेक जुन्या चारचाकी जोराच्या पिकअपमध्ये, उदाहरणार्थ १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील डाना ४४ ॲक्सल असलेल्या फोर्ड एफ-१५० मध्ये, नकल उघडी असते. सांधा झाकलेला नसतो आणि आतले सील नळीच्या टोकाशी नसून डिफरन्शियलच्या अगदी शेजारी असते. ते बदलण्यासाठी दोन्ही शाफ्ट काढून संपूर्ण डिफरन्शियल बाहेर घ्यावे लागते. काम अधिक, खर्चही अधिक. अशा गाडीत गळती नळीच्या उघड्या तोंडातून थेट जमिनीवर होते. शाफ्ट परत घालताना नळीत साचलेला चिखल टोकाला लागून नव्या सीलपर्यंत जातो. त्यामुळे नळी आतून पुसून घेणे अनिवार्य ठरते.

आपल्याकडील मालवाहू पिकअपमध्ये बहुतेक गाड्या केवळ मागच्या चाकांवर चालतात. त्यांच्या पुढच्या ॲक्सलमध्ये गिअर ऑइल नसतेच. तेथे पुढच्या चाकाजवळ दिसणारी चिकट गळती हबच्या सीलमधून आलेल्या ग्रीसची असते. हब उतरवून बेअरिंग धुणे, नवे ग्रीस भरणे आणि सील बदलणे एवढ्यावर काम भागते. मात्र तेथेही झिजलेले बेअरिंग तसेच ठेवून केवळ सील बदलले, तर परिणाम तोच होतो.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

स्वतः पाना हाती न घेणाऱ्या मालकानेही काही प्रश्न जरूर विचारावेत. आतले सील बदलणार की केवळ बाहेरचे? शाफ्टवरची खाच पाहिली का? ब्रीदर उघडला का? बेअरिंगचा खेळ तपासला का? ब्रेकपर्यंत तेल पोहोचले आहे का? काम झाल्यावर जुनी सील मागून घ्यावीत. ती परत मिळाली, तर बदल झाल्याची खात्री पटते आणि गळतीचे कारणही समजते. सील नामांकित उत्पादकाचे असावे आणि त्याचे वेष्टन पाहून घ्यावे. काही रुपये वाचवण्यासाठी घेतलेले हलके सील पुन्हा तेवढीच मजुरी मागते, कारण या कामात खरा खर्च वस्तूचा नसून उघडण्या-जोडण्याच्या श्रमाचा असतो.

दुरुस्तीनंतर वीस-तीस किलोमीटर गाडी चालवून दोन्ही हबना हात लावून पाहावा. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागला, तर बेअरिंग जास्त आवळले गेले आहे किंवा ब्रेक धरतो आहे. पहिल्या आठवड्यानंतर नट-बोल्ट आणि तेलाची पातळी पुन्हा तपासावी. त्यानंतर दर पावसाळ्यापूर्वी ब्रीदर साफ करणे आणि पावसाळ्यानंतर तेलाचा रंग पाहणे एवढी काळजी पुरेशी असते.

काढलेले जुने तेल गटारात किंवा मातीत ओतू नये. २०१६ च्या घातक कचराविषयक नियमांनुसार वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. चांगले गॅरेज ते साठवून देते.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणाला येते, तेव्हा तिच्या ब्रेकची स्थिती पाहिली जाते. पण त्या दिवसाची वाट पाहण्याचे कारण नाही. जमिनीवरचा डाग हा गाडीने दिलेला पहिला आणि स्वस्तातला इशारा असतो. तो कुठून आला, हे शोधून मगच पाना उचलला, तर पन्नास वर्षांपूर्वीचा ॲक्सलही पुढची अनेक वर्षे कोरडा राहू शकतो.